मोझांबिकचे सैन्य : रोमच्या करारापासून काबो देल्गादोपर्यंत

आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील मोझांबिक २५ जून १९७५ रोजी पोर्तुगालच्या अमलातून मुक्त झाला आणि फ्रेलिमोचे गनिमी योद्धेच राष्ट्राचे सैनिक बनले. सोव्हिएत शस्त्रे आली, सल्लागारही आले. परंतु हे सैन्य पक्षाचे की देशाचे, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. ऱ्होडेशियाने उभ्या केलेल्या आणि पुढे दक्षिण आफ्रिकेने पोसलेल्या रेनामोशी ते १९९२ पर्यंत झुंजले. युद्ध आणि उपासमार यांत सुमारे १० लाख माणसे दगावली.

४ ऑक्टोबर १९९२ चा रोम येथील शांतता करार आपणा कॅथोलिकांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. संत एजिदिओ समुदाय, बैराचे आर्चबिशप जैमे गोन्साल्विस आणि इटलीचे प्रतिनिधी यांनी दोन वर्षांहून अधिक काळ दोन्ही पक्षांना एका मेजाभोवती बसविले. नवे सैन्य ३० हजारांचे असावे, निम्मे सरकारचे आणि निम्मे रेनामोचे, असे त्यात ठरले. प्रत्यक्षात भरती झाली जेमतेम १२ हजारांची! युद्धाला विटलेल्या सैनिकांनी गणवेशापेक्षा घर पसंत केले. बाहेर पडणाऱ्याला दोन वर्षांचा भत्ताही मिळत होता. त्यांना दोष कोण देणार? मात्र १९९४ मध्ये अस्तित्वात आलेले हे संयुक्त सैन्य दुबळेच राहिले. सैन्यातील आपल्या अधिकाऱ्यांना डावलले जाते, अशी रेनामोची तक्रार होती. त्या पक्षाने काही सशस्त्र माणसे स्वतःजवळच ठेवली. २०१३ मध्ये पुन्हा बंदुका धडाडल्या. अखेरचा तळ बंद व्हायला जून २०२३ उजाडले.

दरम्यान, ऑक्टोबर २०१७ मध्ये उत्तरेकडील काबो देल्गादो प्रांतात सशस्त्र अतिरेक्यांनी मोसिंबोआ दा प्राइयावर हल्ला केला. त्याआधीच, २०१३-१४ मध्ये, सागरी सुरक्षा आणि मासेमारीच्या नावाखाली संसदेला अंधारात ठेवून दोन अब्ज डॉलरांहून अधिक कर्ज काढण्यात आले होते. २०१६ मध्ये ते उघड झाले आणि देशाची आर्थिक मदत आटली. आमच्या मते, या सैन्याचे खरे नुकसान रणांगणापेक्षा या कागदांवर झाले.

मार्च २०२१ मध्ये पाल्मावर हल्ला झाला. त्याच वर्षी जुलैत रवांडाची व शेजारी राष्ट्रांची पथके आली. शेजाऱ्यांची मोहीम जुलै २०२४ मध्ये संपली. विस्थापितांची व्यथा सातत्याने मांडणारे पेम्बाचे बिशप लुईझ फर्नांडो लिस्बोआ यांची २०२१ मध्ये ब्राझीलला बदली झाली. लाखोंना घर सोडावे लागले होते.