लॉयल्टी, लॉयल्टी म्हणजे नक्की कुणाशी?

आमच्या ऑफिसात अप्रेझलच्या मोसमात एक शब्द फार ऐकू येतो, लॉयल्टी. तीन महिन्यांपूर्वी मॅनेजरने मला बाजूला घेऊन सांगितलं, अरे, टाइमशीटवर आठ तास टाक, क्लायंट कुठे मोजायला येतोय? काम झालं होतं तीन तासांचं. "टीमसाठी एवढं तर करशील ना?" मी टाकले. आठच्या आठ.

हे आठवायचं कारण, गेल्या आठवड्यात वसईच्या एका कॅथलिक मित्राशी जोरदार वाद झाला. तो म्हणाला, ख्रिस्ती धर्म मुळात आज्ञाधारकपणा शिकवतो. रोमकरांस पत्र, तेरावा अध्याय, सत्तेच्या अधीन राहा. मी ख्रिश्चन नाही, पण हे ऐकून डोकं फिरलं. कारण हाच अध्याय ज्याच्या गळ्यात मारला जात होता, असा एक माणूस मला ठाऊक होता.

फ्रान्झ येगरश्टेटर. १९०७ चा जन्म, ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंडचा शेतकरी. हिटलरचं जन्मगाव ब्राउनाउ, त्याच जिल्ह्यातलं हे गाव. पठ्ठ्या तरुणपणी काही संत नव्हता. गावातली पहिली मोटरसायकल याची, आणि लग्नाआधी एक मुलगीही झालेली. १९३६ साली फ्रान्झिस्काशी लग्न केलं आणि गडी हळूहळू धर्माकडे वळला, चर्चमध्ये सेवेकरी झाला. १९३८ साली ऑस्ट्रिया जर्मनीत सामील करण्यावर मतदान झालं. गावात विरोधी मत एकच, याचं. वर गेलेला रिपोर्ट मात्र शंभर टक्के! (स्टेटस रिपोर्ट हिरवा ठेवायची कला आपण शोधलेली नाही, बघा.) पुढे नाझी सरकारची मुलांसाठीची मदत आणि गारपिटीची भरपाईसुद्धा त्याने घेतली नाही.

एकदा लष्करी प्रशिक्षण करून आला आणि ठरवलं, परत बोलावलं तर जायचं नाही. सगळ्यांनी समजावलं. आई, शेजारी, गावचा पाद्री. लिंत्सच्या बिशपकडे गेला, तर बिशप म्हणाला की युद्ध न्याय्य आहे की नाही हे ठरवणं तुझं काम नाही, तू बायकापोरांचं बघ. म्हणजे वरच्यांनीच लेखी नाही पण तोंडी मोकळीक दिली होती. मनाला फसवायचं असतं तर याहून चांगलं निमित्त कुठलं? मार्च १९४३ मध्ये तो एन्सच्या छावणीत हजर झाला आणि लढणार नाही म्हणून सांगितलं. औषधोपचाराच्या तुकडीत काम करायची तयारी होती, ती कुणी मानली नाही. ६ जुलैला बर्लिनमध्ये मृत्युदंड, ९ ऑगस्टला ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात गिलोटीन. वय ३६. मागे बायको आणि तीन लहान मुली.

आता आपल्या लोकांचा ठरलेला प्रश्न येतो. "पण फरक काय पडला? युद्ध थोडंच थांबलं?" नाही थांबलं. "आणि मुलींचं काय?" हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. फ्रान्झिस्कानेही आधी त्याला वळवायचा प्रयत्न केला होता. मग तिने पाहिलं की सगळं जग त्याच्याशी वाद घालतंय, आपणही घातला तर त्याच्या बाजूला कुणीच उरणार नाही. ती त्याच्या बाजूने उभी राहिली. मला विचाराल तर या गोष्टीतली सगळ्यात निष्ठावान व्यक्ती तीच. किंमतही तिनेच मोजली. गावाने टोमणे मारले, आणि युद्धविधवेचं पेन्शन १९५० पर्यंत मिळालं नाही, कारण नवरा 'लढताना' मेला नव्हता ना! चर्चमधलं त्याचं काम तिने स्वतःकडे घेतलं.

आणि चर्च? युद्धानंतर त्याच्याविषयीचा लेख धर्मप्रांताच्या पत्रकात छापायला बिशपने नकार दिला. लढून मेलेले तरुण जास्त मोठे, असं त्याचं मत. १९६४ मध्ये गॉर्डन झान या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने पुस्तक लिहिलं तेव्हा कुठे जगाला कळलं. १९९७ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली. २००७ मध्ये त्याच लिंत्समध्ये त्याला 'धन्य' घोषित केलं, ९४ वर्षांची फ्रान्झिस्का समोर होती.

म्हणून मित्राला म्हटलं, तेरावा अध्याय वाचतोस, तर प्रेषितांची कृत्येही वाच. माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे, असं तिथे पेत्रच सांगतो. तोच पेत्र, जो शेकोटीपाशी एका दासीला घाबरून तीनदा 'मी याला ओळखत नाही' म्हणाला होता. संस्थेशी निष्ठा आणि ज्याच्यासाठी संस्था उभी आहे त्याच्याशी निष्ठा यांत गल्लत करणारे लोक प्रत्येक धर्मात आहेत, आणि प्रत्येक कंपनीत. 'लॉयल राहा' म्हणजे बहुतेकदा 'गप्प बस' असतं, एवढं तरी आपण उघड बोलावं.

मित्र थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आणि तुझी टाइमशीट?"

माझी मान कुणी कापणार नव्हतं. फार तर रेटिंग गेलं असतं. उद्या सोमवार, परत तोच फॉर्म भरायचा आहे.