बैठकीतला गणपती

गणेश चतुर्थी तोंडावर आली की घरोघरी भिंती झाडल्या-रंगविल्या जातात आणि त्या निमित्ताने भिंतीवर काय राहावे व काय उतरावे याचा निवाडाही होतो. मागील वर्षी आमच्या एरंडोलातील एका परिचित घरी हा निवाडा काहीसा कडू झाला. नव्या सुनेने बैठकीत एक छापील चित्र लावले होते. तांबड्या, पिवळ्या, निळ्या त्रिकोण-चौकोनांत विभागलेला गणपती. सोंड एका अंगाने दिसते, कान दुसऱ्या अंगाने, डोळा समोरून. सासूबाई म्हणाल्या, "ही तर भंगलेली मूर्ती. चतुर्थीला घरात नको." चित्र उतरले. सूनबाई काही बोलल्या नाहीत. मात्र त्यानंतर आरतीत त्यांचा आवाज ऐकू आला नाही.

सासूबाईंचा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. भग्न मूर्ती पूजेत ठेवू नये हा जुना दंडक आहे. प्रश्न एवढाच, की हे चित्र भग्न आहे काय?

सन १९०७ नंतरच्या काही वर्षांत पॅरिस येथे पिकासो व ब्राक यांनी ज्या शैलीचा पाया घातला, तिला आपण घनवाद म्हणतो. वस्तू मोडणे हा तिचा हेतू नव्हता. एका जागी उभे राहून वस्तूच्या ज्या बाजू दिसत नाहीत, त्याही एकाच पटावर मांडाव्यात, ही तिची धडपड. आता आपल्या घरातील पंचमुखी मारुतीची तसबीर पाहा. त्याची मुखे निरनिराळ्या दिशांची. समोर उभ्या भक्ताला मागचे मुख दिसणे अशक्य. तरी चित्रकार ती सारी आपल्याकडे वळवितो, कारण भक्ताला देव पुरा हवा असतो. त्या तसबिरीला कोणी भंगलेली म्हणत नाही. (म्हणून घनवाद आपल्याच पूर्वजांनी शोधला, असे मात्र कोणी म्हणू नये. पिकासोला वाट दाखविली ती आफ्रिकेतील मुखवट्यांनी.)

किंबहुना हुबेहूब रूपाचा आग्रहही फार जुना नाही. माणसासारख्या देवांच्या रंगीत तसबिरी घरोघर पोहोचल्या त्या पुण्याची चित्रशाळा आणि १८९४ साली मुंबईत निघालेला राजा रविवर्मा यांचा छापखाना यांच्यामुळे. पूजेत सुपारीचा गणपती आजही चालतो. खानदेशात श्रावणात कानबाई बसते ती नारळाच्या रूपाने, आणि तिच्यापुढे अवघे गाव नमते.

तरीही एका बाबतीत मी सासूबाईंच्या बाजूचा आहे. असे चित्र देव्हाऱ्यात नको, मखरामागे तर नकोच. पूजेच्या वेळी दृष्टी एके ठिकाणी स्थिरावी लागते. घनवादी चित्र तर तिला सतत फिरवीत ठेवते. बैठकीत ते फिरणेच आनंदाचे.

निवड मात्र डोळसपणे करावी. पडद्याच्या रंगाला जुळते म्हणून देव विकत घेऊ नये. या शैलीची आरंभीची चित्रे बहुधा करडी-तपकिरी. रंग हवे असतील तर हुआन ग्रीस याची पाहावीत. आणि पॅरिसलाच जावे असे नाही. कलकत्त्याचे गगनेंद्रनाथ ठाकूर यांनी १९२० नंतर या रीतीत प्रकाशाचे नवल उभे केले; श्रीकृष्णाची द्वारका त्यांनी अशाच तुकड्या-तुकड्यांतून झळकविली. तिची चांगली छपाई मिळाली तर भाविकाच्या घरी ती परकी वाटणार नाही. काच लावून, भिंतीपासून बोटभर सुटे, बसल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर लावावे. खानदेशचे ऊन छापील रंग लवकर खाते, उदबत्तीचा धूर उरलेले काळवंडतो. म्हणून खिडकीसमोरची भिंत आणि देवघराची भिंत, दोन्ही टाळाव्यात.

ते चित्र अद्याप त्या घरी कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभे आहे. चतुर्थीपूर्वी ते पुसून बैठकीत लावावे, आणि खिळा सासूबाई दाखवतील त्या जागी ठोकावा, असे मी त्यांना सुचविले आहे.