पाणी उजव्या हाताला ठेवायचं

आमच्या टीममधला एकजण ऑनसाइटवरून इटलीला फिरून आला. मोंटेरोसो ते वेर्नाझा, समुद्राच्या कडेकडेने चालत. दोन गावांमध्ये साडेतीन-चार किलोमीटरची पायवाट, ठिकठिकाणी खडकावर लाल-पांढरे पट्टे, बरोबर गाईड नाही की ग्रुप नाही. फोटो दाखवून झाल्यावर म्हणाला, "आपल्याकडे असलं काही नाही यार."

मीही मान हलवली. मी पडलो गोंदियाचा. अरबी समुद्र आमच्यापासून रेल्वेने जवळजवळ हजार किलोमीटर. आमच्याकडे पाणी म्हणजे तलाव. पण ते वाक्य डोक्यात राहिलं, आणि जानेवारीत बाबा महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला आले तेव्हा ठरवलं की एक वीकांत कोकणात काढायचा. गाडी भाड्याने घ्यायची नाही. एसटीने दापोली, तिथून आंजर्ले, आणि आंजर्ल्याहून मुरुडपर्यंत चालत. दहा-बारा किलोमीटर, हातात अख्खा दिवस.

बाबा रिटायर्ड शाळामास्तर, वय बासष्ट. आदल्या रात्री मी त्यांना मोबाइलवर नकाशा दाखवत होतो. तो बिचारा डांबरी रस्ताच दाखवत होता. मी म्हटलं, कुणी वाटाड्या मिळतो का बघू. त्यावर बाबा म्हणाले, "गाईड कायले पायजे? पाणी उजव्या हाताले ठेवाचं अन् चालाचं." माझ्या आजोळी तलावाच्या पाळेवरून शेजारच्या गावाला जायचं तर हाच नियम असायचा. पाळ सोडायची नाही, मग चुकायचं नाही.

एक गोष्ट मात्र तलावात नसते, भरती-ओहोटी. मी त्यासाठी अ‍ॅप शोधत होतो, तर ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकूंनी कॅलेंडरकडे बघून सांगितलं, "उद्या पंचमी. पाच पाऊण पावणेचार. पावणेचारला भरती पुरी, म्हणजे दहाच्या आसपास ओहोटी. साडेसातला निघा." तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची साधारण वेळ आली! बाबा एकदम खूश, कारण पाऊणकी त्यांना अजून पाठ आहे. लॉजिक सरळ आहे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते. बाबांना पाठ, काकूंना पाठ, आणि इंजिनिअरच तेवढा अ‍ॅप डाउनलोड करतोय :)

सकाळी कड्यावरच्या गणपतीला खालूनच नमस्कार केला आणि वाळूत उतरलो. पाणी मागे हटत होतं, ओली वाळू घट्ट होती. कासवांच्या अंड्यांसाठी केलेलं कुंपण दिसलं. ऑलिव्ह रिडले कासवं या किनाऱ्यावर अंडी घालतात. पुढे जोग नदीची खाडी आली आणि वाळू संपली. इथे शहाणपणा करून पाण्यात उतरायचं नाही, पुलावरून जायचं. मग पाजपंढरी आणि हर्णै. बंदरात मासळीचा वास, बोटींची गर्दी, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. चहा, वडापाव. हर्णैच्या पुढे जिथे खडक आडवे आले तिथे डांबरी रस्ता धरला, जिथे वाळू मिळाली तिथे पुन्हा खाली उतरलो.

घोटाळा झाला तो एका जागी. बाबांचा गुडघा बोलायला लागला होता, पाणीही संपत आलं होतं. वर रस्ता दिसत होता. एका रिसॉर्टच्या फाटकातून पन्नास पावलांवर. वॉचमन म्हणाला, "हा रस्ता गेस्टसाठी आहे." त्याची चूक नाही, नोकरी आहे त्याची. पण त्या पन्नास पावलांसाठी बाबांना वाळूतून जवळजवळ किलोमीटरभर पुढे चालावं लागलं. ते काही बोलले नाहीत. दर दहा मिनिटांनी थांबत होते, एवढंच.

मला जे म्हणायचंय ते इथेच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा तळ सरकारच्या, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या मालकीचा. पण तिथे उतरायला आणि तिथून वर यायला वाट नसेल तर त्या मालकीचा उपयोग काय? आजोळच्या तलावाच्या पाळेवर मला कधी कुणी विचारलं नाही की तू कुणाचा गेस्ट.

रेवस-रेड्डी सागरी महामार्गासाठी पूल आणि रस्ते बांधायचं चाललंय. ठीक आहे, गाड्यांसाठी रस्ता हवाच. पण त्याच्या खर्चात चिल्लर वाटेल एवढ्या पैशात पायी चालणाऱ्याचीही सोय होईल. दर गावात रस्त्यापासून वाळूपर्यंत एक पाखाडी कायम खुली. वळणांवर रंगाचे पट्टे. एसटी स्टँडवर एक फळा, आजची भरती किती वाजता. बास. पॅकेज नको, तिकीट नको.

मित्र म्हणतो, गर्दी होईल, कचरा होईल. अरे, आज वाळूत जीप घालणारे आहेतच की! दिवसभर पायी चालणारा माणूस वाटेत चहा पितो, जेवतो, एखाद्या घरी मुक्काम करतो. गावाला परवडतो तो.

आणि चालणं ही काही इटलीहून आणायची गोष्ट नाही. मुरुडला पोहोचल्यावर वाळूत पाय पसरून बाबांनी सांगितलं, महर्षी कर्वे याच गावात वाढले. परीक्षेला बसायला शंभराहून जास्त मैल चालत साताऱ्याला गेले, आणि लहान दिसतोस म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. "तेवढं चालून गेल्यावर परत पाठवलं," बाबा म्हणाले, आणि मग स्वतःचा गुडघा चोळत हसले.

असो. परवा गोंदियाहून फोन होता. गुडघा बरा आहे. विचारत होते, मुरुडच्या पुढे कोणतं गाव लागते? म्हटलं, कर्दे. "मंग होळीनंतर तिथी पाहून ठेव."