मधली वर्षे कोणाची?

विधवेचा किंवा घटस्फोटितेचा पुनर्विवाह झाला की आपण टाळ्या वाजवतो. वर्तमानपत्रात छायाचित्र येते, पुढारी अक्षता टाकून जातात. यात वाईट काही नाही. पण त्या मांडवातून नुसती जोडी घरी जात नाही. तिची मुले, त्याची मुले, पुढे दोघांना होणारे मूल आणि दोन-तीन गावांत विखुरलेले आजी-आजोबा असा सगळा पसारा त्या संसारात येतो. त्या घराचे पुढचे वर्ष कसे गेले, शाळेतला प्रवेश, पोळा, बारसे, आजारपण, बारावीचा निकाल कसा पार पडला, हे कोणी विचारत नाही. आपला कायदा तरी कुठे विचारतो? त्याला असे घर दोनदाच दिसते: लग्नाच्या दिवशी, आणि सावत्र आईबाप म्हातारे झाल्यावर. मूल वाढवण्याची मधली सगळी वर्षे हे घर कागदावर जवळजवळ नसतेच, आणि पुनर्विवाहाच्या वाटेतला मोठा अडथळा आज तोच आहे.

कायद्याचीच साक्ष काढू. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा आहे. त्याच्या सहाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की नैसर्गिक पालक ठरवताना ‘वडील’ आणि ‘आई’ या शब्दांत सावत्र वडील आणि सावत्र आई येत नाहीत. आता २००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा पाहा. त्यात ‘पालक’ या शब्दाच्या व्याख्येत सावत्र आईवडील आवर्जून घातले आहेत. म्हणजे दहा वर्षे ज्याने पोराला शाळेत सोडले, फी भरली, तापात रात्र जागून काढली, त्याची प्रवेशअर्जावरची सही पालकाची म्हणून धरायची की नाही, हा प्रश्नच. पण तोच माणूस सत्तरीला आला की पोराकडून पोटगी मागू शकतो. दुसरा कायदा योग्यच आहे. अडचण इतकीच, की ज्या नात्याची फेड मागता येते त्या नात्याला आधी काही द्यायचा अधिकार कायद्याने दिलेला नाही.

नांदेड आणि लातूरला हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. ही दोन्ही गावे शिकवणीवर्ग आणि ‘नीट’च्या तयारीसाठी ओळखली जातात. इथे उन्हाळा संपता संपता घराघरांत कागदांची जुळवाजुळव सुरू होते: टीसी, जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे बापाचे नाव लागते, त्यामुळे एकाच घरातल्या दोन भावंडांची मधली नावे आणि आडनावे वेगळी असली की खिडकीवरचा प्रत्येक जण मान वर करून पाहतो. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आता आईचेही नाव लागते. पाऊल चांगले आहे, पण आज दहावी-बारावीत असलेल्यांना त्याचा उपयोग नाही. जात पडताळणी चालते ती जन्मदात्या बापाकडच्या नातेवाइकांच्या पुराव्यावर. हैदराबाद गॅझेटियरबाबतच्या २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर कुणबी नोंदींची शोधाशोध वाढली आहे, आणि त्यातही गावातल्या किंवा कुळातल्या नातलगाच्या प्रतिज्ञापत्राला महत्त्व आहे. ज्या मुलीची आई दुसरे लग्न करून उदगीरहून देगलूरला गेली, तिने ते प्रतिज्ञापत्र मागायचे कोणाकडे? ज्या भावकीने त्या लग्नावरूनच अबोला धरला आहे, तिच्याकडेच.

यावर सांगितला जाणारा उपाय म्हणजे दत्तक. सावत्र वडिलांनी मुलाला रीतसर दत्तक घ्यावे, त्याची तरतूद आहेच. पण हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे दत्तक गेलेल्या मुलाचे जन्मघराशी असलेले नाते सुटते. आधीच मिळालेली मालमत्ता तेवढी त्याच्याकडे राहते. म्हणजे नवे घर हवे तर जुने सोडा, असा हा सौदा आहे. काहींना तो मानवेल. मुलगा गमावलेल्या आजी-आजोबांना मात्र तो नातूही गमावण्यासारखा वाटतो, आणि त्यांची ती भीती खोटी नाही. म्हणूनच आपल्याकडे सून दुसऱ्या घरी जाते आणि पोर मागे राहते. मोहतर किंवा पाट लावण्याची, म्हणजे पुनर्विवाहाची, रीत कित्येक समाजांत सुधारकांच्या आधीपासून होती. पोराचा निवाडा मात्र त्या रीतीतही बहुधा भावकीच्या बाजूने होई.

आंध्रातले एक प्रकरण याच दुखण्यावर बोट ठेवते. पहिल्या पतीच्या मृत्यूनंतर आईने पुन्हा लग्न केले, मुलाला नव्या घराचे आडनाव दिले. आजी-आजोबा न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने जुने आडनाव परत लावायला सांगितले, आणि कागदांवर दुसऱ्या पतीचे नाव लावायचेच तर ‘सावत्र वडील’ असे लावा म्हणून बजावले. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे फिरवले. पित्यामागे आईच नैसर्गिक पालक आहे, आडनाव ठरवण्याचा हक्क तिचा. आणि ‘सावत्र’ असा शिक्का मारायला लावणे मुलाच्या मनावर क्रूरपणे आघात करणारे आहे, असे न्यायालयाने म्हटले. निकाल आईच्या बाजूने लागला हे बरेच झाले. तरी त्यातून प्रश्न आडनावाचा सुटला, रोजच्या पालकत्वाचा नाही.

त्यासाठी तिसरी वाट लागेल. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ च्या अखेरीपासून ती आहे: मुलाच्या आईशी किंवा वडिलांशी विवाह केलेल्या सावत्र पालकाला लेखी कराराने किंवा न्यायालयाच्या आदेशाने पालकत्वाची जबाबदारी मिळते, आणि जन्मदात्याचा अधिकार त्यामुळे जात नाही. आपल्याकडेही आईच्या संमतीने, न्यायालयाच्या किंवा बालकल्याण समितीच्या देखरेखीखाली अशी नोंद व्हावी. शाळा, दवाखाना आणि बँकेपुरता अधिकार, वंशावळीला आणि वारशाला धक्का नाही. नांदेडच्या शीख आणि बौद्ध कुटुंबांना हिंदू कायदेच लागू होतात, मुस्लीम कुटुंबांचा कौटुंबिक कायदा वेगळा. पण शाळेच्या अर्जातला ‘पालक’ हा रकाना सगळ्यांना सारखाच आहे.

पहिला आक्षेप गंभीर आहे. सावत्र बापाच्या हाती अधिकार दिला आणि तो माणूस वाईट निघाला तर? निघू शकतो. पण तो मुलाच्या घरात आजही राहतोच, त्याचा धाक आजही चालतो. नाही ती फक्त नोंद आणि तिच्याबरोबर येणारी जबाबदारी. चौकशी करून दिलेला अधिकार गैरवापर झाल्यास काढून घेता येतो. न दिलेल्या अधिकाराचा जाब कोणाला विचारणार?

दुसरा आक्षेप जमिनीचा, आणि खरे तर बहुतेक घरांत तोच मनात असतो. दुसऱ्याचे पोर सातबाऱ्यावर येईल ही भीती निराधार आहे. पत्नीच्या पहिल्या घरचे मूल सावत्र वडिलांचे आपोआप वारस होत नाही. त्याचा हिस्सा जन्मदात्याच्या जमिनीत असतो आणि आईच्या पुनर्विवाहाने तो जात नाही. आईचाही जात नाही: पतीकडून वारशाने मिळालेली मालमत्ता विधवेने पुन्हा लग्न केले म्हणून हिरावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. १८५६ च्या पुनर्विवाह कायद्याने लग्नाला परवानगी देताना पतीच्या मालमत्तेवर पाणी सोडायला लावले होते. ती अट कायद्यातून गेली, गावाच्या डोक्यातून अजून गेलेली नाही.

‘अशी घरे असतात तरी किती’ हा आक्षेप मात्र मराठवाड्यात कोणी घेऊ नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने हजारो माणसे गेली आणि मागे राहिलेल्या अनेकांनी मोडलेले संसार पुन्हा जोडले. पुनर्वसनात घर २५० चौरस फुटांचे की ७५० चे, हे जमिनीवरून ठरले. त्या घरात कोणाकोणाची मुले एकत्र वाढणार आहेत, याला त्या मोजमापात जागा नव्हती. पुढे शेतकरी आत्महत्यांनी तरण्या विधवांची घरे वाढवली. तिथे सरकारी मदत लाखाची: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. शिवाय पात्र ठरल्यास संजय गांधी निराधार योजनेचे महिना दीड हजार. हे दीड हजार पुनर्विवाह केला की थांबतात. नवरा मिळाला म्हणजे बाई निराधार नाही, हा तर्क वरवर बरोबर दिसतो. पण नव्या नवऱ्यावर तिच्या पहिल्या मुलांना पोसण्याची स्पष्ट कायदेशीर जबाबदारी टाकलेली नसताना त्या मुलांचा आधार कोणत्या हिशेबाने काढून घेतला जातो? साहजिकच काही जणी लग्नाची नोंदच टाळतील, आणि मग त्या घराच्या प्रत्येक कागदावर नवी गाठ बसेल. ही मदत विधवेच्या नावावरून काढून मुलाच्या नावावर, अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत, आई कोठेही नांदत असली तरी चालू ठेवायला संसदेत जावे लागत नाही. मंत्रालयातला एक शासन निर्णय पुरतो.