कळफलकाची वाट मोकळी करा

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इटलीतील पेलेग्रिनो तुर्री याने एका अंध उमराव स्त्रीला स्वहस्ते पत्रे लिहिता यावीत म्हणून टंकयंत्र तयार केले. अगदी आरंभीच्या टंकयंत्रांपैकी एक असे हे यंत्र अंधासाठी जन्मास आले. त्याच कुळातील कळफलक संगणकाला जोडलेला असता अंधालाच तेथे मज्जाव व्हावा, यास दैवदुर्विलास म्हणावे की आमची बेपर्वाई?

नीरेकाठच्या अकलूजचे उदाहरण घ्या. 2021 साली तेथे नगरपरिषद झाली; पण जिल्ह्याचे ठिकाण सोलापूर शंभर किलोमीटरांहून दूरच राहिले. सातबारा, दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावर आले आणि पुष्कळांचे हेलपाटे वाचले. मात्र ज्याला या सोयीची सर्वाधिक गरज, तो अंध वा कापऱ्या हातांचा नागरिक माऊसचा बाण नेमक्या जागी नेऊ शकत नाही. त्याची सारी भिस्त कळफलकावर. टॅबची कळ दाबताच पुढचा रकाना यावा, पडदावाचकाने त्याचे नाव उच्चारावे, एंटर दाबताच अर्ज सरकावा, एवढीच त्याची अपेक्षा. परंतु बटणासारखे दिसणारे चित्र बटण म्हणून रचलेलेच नसेल, तर कळ तेथे पोचत नाही; उघडलेली चौकट कळीने मिटत नसेल, तर माणूस तिच्यातच अडकतो. मग आपली खासगी माहिती परक्याच्या हाती सोपविण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही.

हा दयेचा नव्हे, हक्काचा प्रश्न आहे. 2011 च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी दिव्यांग नोंदले गेले. 2016 च्या कायद्याने सरकारी व खासगी सेवा त्यांना सुगम करण्याचे बंधन घातले. 2017 च्या नियमांपासून दोन वर्षांची मुदत दिली. ती केव्हाच उलटली. 30 एप्रिल 2025 रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग ठरविला.

खर्चाची सबब आम्हांस मान्य नाही. घर बांधतानाच उंबरा सखल ठेवणे स्वस्त पडते. महाग पडते ते मागाहून भिंत फोडणे. प्रत्येक खातेप्रमुखाने माऊस बाजूला ठेवून आपल्याच खात्याचा अर्ज एकदा भरून पाहावा. जेथे त्याची बोटे अडतील, तेथेच एका नागरिकाचा हक्क अडला आहे, हे त्याने ओळखावे आणि तो अडथळा दूर करूनच खुर्चीवरून उठावे.