खात्रीची गाडी कोणती?

आमच्या शाळेतल्या बऱ्याच मुली पाथरी शहरातल्या नाहीत. गोदाकाठच्या चार-पाच गावांतून त्या व्हॅनने येतात. मागच्या हिवाळ्यात ही व्हॅन अकरा दिवस बंद होती. बाराव्या दिवशी ती शाळेच्या फाटकाशी उभी राहिली, तेव्हा आठवीच्या तीन मुली तिच्यातून उतरल्या नाहीत. दोघी पुढच्या आठवड्यात आल्या. तिसरीच्या घरी मी स्वतः गेलो. तिचे अब्बा खाट पुढे सरकवत म्हणाले, "सर, अब घर के काम को लग गई. अगले साल देखेंगे."

जुनी डिझेल गाडी खात्रीची की नवी, हा वाद बसस्टँडसमोरच्या हॉटेलात वर्षानुवर्षे चालू आहे. आधी मी तो चहासोबत ऐकून सोडून देत असे. आता देता येत नाही.

व्हॅनवाला माझाच जुना विद्यार्थी. त्याचे वडील आधी मॅटॅडोर आणि नंतर जीप चालवायचे. पाथरी-मानवत-परभणी, कधी माजलगाव. मॅटॅडोर हे पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीच्या एका गाडीचे नाव, पण आमच्याकडे ते जातीचे नाव झाले. कुठल्याही कंपनीच्या पेटीसारख्या गाडीला म्हातारी माणसे आजही मॅटॅडोरच म्हणतात. नंतरच्या मॅटॅडोरमध्ये आणि ट्रॅक्समध्ये मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेले ओएम 616 हे इंजिन असे. ड्रायव्हर लोक "मर्सिडीज का इंजिन है" असे छाती फुगवून सांगत, आणि ते खोटे नव्हते.

त्या इंजिनाचा मोठा गुण साधेपणा. डिझेल पंप यंत्राने चालणारा, नोझल यंत्राने उघडणारे. सेल्फ गेला तर चार माणसांनी धक्का मारायचा. डिझेल संपून लाइनमध्ये एअर शिरली तर हातपंप मारायचा, नट ढिले करून फेस निघू द्यायचा, पुन्हा आवळायचे. हे काम ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला करत असे आणि आत बसलेली माणसे तंबाखू मळत वाट पाहत. मोठे काम निघाले तर मोहल्ल्यातले मिस्त्री चाचा. त्यांच्याकडे निदानाचे यंत्र म्हणजे एक लांब पेचकस. त्याचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते सांगत, तिसऱ्या सिलिंडरचे नोझल टपकते आहे.

पण या आठवणींत एक फसवणूक आहे. आज रस्त्यावर दिसणारी तीस वर्षांपूर्वीची गाडी टिकली म्हणून दिसते. तिच्यासोबतच्या ज्या गाड्या भंगारात गेल्या त्यांची आठवण कोणी काढत नाही. जुन्या गाड्या बंद पडत नव्हत्या असे म्हणणाऱ्याने त्यांतून रोज प्रवास केलेला नसावा. पाटे तुटत, फॅनबेल्ट जाई, हेड गॅसकेट उडे, घाटात ब्रेक तापत. मी डीएड-बीएडच्या काळात काळ्या-पिवळ्या जीपने इतक्यांदा रस्त्यात अडकलो आहे की एक पेपर मी अर्धा तास उशिराच लिहायला घेतला. शिवाय धूर. मागच्या सीटवरून उतरलो की रुमाल काळा. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये स्पष्ट सांगितले. आमच्या ड्रायव्हर मंडळींच्या खोकल्याला आम्ही मात्र बिडीच जबाबदार धरत आलो.

1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 लागू झाले. डिझेलमधले गंधक दहा लाख भागांत 50 वरून 10 भागांवर आले. डिझेल कारमधून निघणाऱ्या काजळीची मर्यादा किलोमीटरला 25 मिलिग्रॅमवरून साडेचारवर आणली गेली. हे चांगलेच झाले. ते साधायला इंजिनात कॉमन रेल, सेन्सर आणि सगळ्यांवर हुकूम चालवणारा छोटा संगणक असतो, आणि सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी. तिला डीपीएफ म्हणतात.

आमच्या व्हॅनचे दुखणे या जाळीत होते. अडवलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी आत सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. गाडी हायवेवर एका वेगाने अर्धा तास पळाली की हे काम आपोआप होते. आमची व्हॅन आठ-नऊ किलोमीटर चालते, तीही प्रत्येक वस्तीवर थांबत. कुणाची वेणी व्हायची असते, कुणाचा डबा. गाडी उभी, इंजिन चालू. मुलींना सोडून रिकामी परत. काजळी साचत जाते, जळत कधीच नाही. मग पिवळा दिवा लागतो. माझ्या विद्यार्थ्याला तो दिवा काय सांगतो हे गाडी विकताना कोणी सांगितले नव्हते, आणि गाडीसोबतच्या पुस्तकात मराठीची एक ओळ नव्हती. त्याला वाटले, ऑइलचे काहीतरी असेल. पुढे एका सकाळी गाडीने ताकदच सोडली. चढाला सायकल पुढे जाईल असा वेग.

मिस्त्री चाचांनी बॉनेट उघडले, पेचकस काढला आणि परत खिशात ठेवला. "गाडी बीमार नै सर, कम्प्युटर बीमार है."

गाडी दुसऱ्या गाडीला बांधून शहरातल्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गेली. तिथे नंबर, मग तपासणी, मग एका सेन्सरची वाट. अकरा दिवस. हप्ता मात्र ठरल्या तारखेला गेला.

हिशेब सरळ मांडतो. वडिलांची जीप वर्षातून आठ-दहा वेळा बंद पडे, पण बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत चालू होई. मुलाची व्हॅन तीन वर्षांत एकदाच बंद पडली, अकरा दिवसांसाठी. यंत्र म्हणून नवी गाडी जास्त खात्रीची आहे, हे मी मानतो. पण ज्या घरात मुलीला शाळेत पाठवायचे की नाही हा निर्णय रोज सकाळी नव्याने होतो, तिथे आठ-दहा अर्धे दिवस चालून जातात. सलग अकरा दिवस चालत नाहीत. तेवढ्यात धाकट्या भावाला सांभाळायची सवय लागते, घरालाही आणि तिलाही.

जवळच्या शहरात एक जण जाळी कापून काढतो आणि संगणकाला गप्प बसवतो, असे माझ्या विद्यार्थ्याला कळले. त्याने मला विचारले. मी नको म्हणालो. कायद्यात बसत नाही, आणि तो धूर आपल्याच मुलींच्या नाकात जाणार. नको म्हणणे मला सोपे होते, हप्ता त्याचा होता. तरी त्याने ऐकले. आता दर शुक्रवारी नमाजनंतर तो रिकामी व्हॅन परभणी रस्त्याने अर्धा तास पळवून आणतो. डिझेल जळते, पण दिवा लागत नाही.

यंत्र गुंतागुंतीचे झाले ही माझी तक्रार नाही. त्याची माहिती कुलपात गेली, ही आहे. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड सुनावला होता. त्या आपले सुटे भाग आणि दुरुस्तीची निदान यंत्रे बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणी मिळू देत नाहीत, असा ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या. 2022 च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले, त्यात वाहनेही आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि पाथरीच्या गॅरेजात अजून त्यातले काही पोचलेले नाही.

दुसरी बाजू आपली आहे, आणि तिच्याबद्दल आपल्यात कमी बोलले जाते. मराठवाड्यात गॅरेजचे काम मोठ्या प्रमाणात मुस्लिम मुलांच्या हातात आहे. सातवी-आठवीत शाळा सोडायची, उस्तादाच्या हाताखाली पाने उचलायचे, दहा वर्षांत स्वतःचे शटर. जुन्या इंजिनावर ही तालीम पुरत होती, कारण ते इंजिन कानाने आणि बोटांनी वाचता येत होते. नवे इंजिन अक्षरांनी वाचावे लागते. आयटीआयत डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा आणि मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे. त्यासाठी दहावीपर्यंत टिकावे लागते, आणि नेमके तिथेच आपली मुले गळतात. "क्या करना पढ़के, गाडीच तो बनानी है" हे वाक्य मी पालकांकडून किती वेळा ऐकले आहे. आता गाडी बनवायलाच शिकावे लागणार आहे, हे त्यांना सांगायला मला निदान एक उदाहरण मिळाले.

मिस्त्री चाचांनी या उन्हाळ्यात एक स्वस्तातला स्कॅनर घेतला. गाडीच्या स्टिअरिंगखाली तो जोडला की पडद्यावर बिघाडाचा कोड येतो. त्यांचा नातू आमच्याकडे नववीत आहे. संध्याकाळी तो दुकानात बसून कोड वहीत उतरवतो. मागच्या आठवड्यात वही घेऊन माझ्याकडे आला. उजवीकडून उर्दूत गाडीचे नाव, डावीकडून इंग्रजीत 'पी 2463', आणि अर्थाची जागा रिकामी. तो कोड काजळीने भरलेल्या जाळीचा. मी उर्दूत आणि खाली मराठीत लिहून दिला. अजून चौतीस कोड बाकी आहेत, त्यातले निम्मे मलाही शोधावे लागतील.