बाबा, गटार काय बघताय?

ट्रिप ठरली की मी आधी एक्सेल शीट बनवते. हसू नका! तुम्हीही बनवता, फक्त बॉस मागे उभा नसताना. तर २०२२ च्या नोव्हेंबरमधल्या माझ्या जॉर्डन ट्रिपची शीट एकदम चकाचक होती. सहा दिवस. अम्मान, जेराश, पेट्रा, वादी रम, डेड सी. कुठे किती वाजता ऊन येतं, कुठल्या दगडावर उभं राहिलं की फोटो भारी येतो, सगळं कॉलममध्ये. त्या शीटमध्ये एकच गोष्ट बसत नव्हती. माझे बाबा.

खरं तर सोबत येणार होती माझी मैत्रीण. ऐन वेळी तिची रजा नामंजूर झाली (आयटीवाल्यांनो, तुम्हाला काय वेगळं सांगायचं?). मी तोंड पाडून बसले, तर आई म्हणाली, ''ह्यांना घेऊन जा. रिटायर झाल्यापासून घरातल्या नळांच्या मागे लागलेत.'' बाबा पाटबंधारे खात्यात इंजिनीअर होते. आयुष्य कालव्यावर गेलं. परदेश म्हणाल तर नेपाळ, तेही पशुपतिनाथापुरतं.

अम्मानला उतरलो तर बाबांची नजर पहिल्यांदा गेली ती गच्च्यांवर. प्रत्येक घरावर पाण्याच्या टाक्यांची रांग. टॅक्सीवाल्याने सांगितलं, आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, टाकी भरून ठेवायची आणि पुरवायची. जॉर्डन हा जगातल्या सगळ्यात कमी पाणी असलेल्या देशांपैकी एक. बाबा खूश! ''म्हणजे आपल्यासारखीच माणसं आहेत.'' डोंबिवलीत पंचवीस वर्षं काढलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी जेराश. हे रोमन शहर, आणि काय शहर! सम्राट हेड्रियन इसवी सन १२९-३० च्या सुमारास इथे आला, त्याच्या स्वागताला उभारलेली कमान अजून उभी आहे. आपल्याकडे नेता यायच्या आदल्या रात्री डांबर टाकतात, त्यांनी थेट दगडी कमानच बांधली. पुढे लंबगोल चौक, भोवती खांबच खांब. मी सटासट फोटो काढतेय आणि बाबा कुठे? मुख्य रस्त्यावर उकिडवे बसलेत, एका गोल दगडी झाकणापाशी. ''अगं, ड्रेनेज! रस्त्याखालून लाइन गेलीय. हे मॅनहोल!'' सोनं सापडल्यासारखा चेहरा. मी हसले आणि सोडून दिलं.

पण पेट्राला मात्र माझा पेशन्स संपला.

पेट्रा म्हणजे जॉर्डनचा सुपरस्टार. युनेस्कोच्या यादीत १९८५ पासून, आणि २००७ च्या मतदानात जगातल्या नव्या सात आश्चर्यांत. 'इंडियाना जोन्स'च्या १९८९ च्या सिनेमात हीरो घोड्यावरून जिथे पोचतो ना, तेच. आत जायला 'सीक' नावाची घळ. साधारण सव्वा किलोमीटर लांब, कुठे कुठे जेमतेम तीन मीटर रुंद, दोन्हीकडे गुलाबी-तांबूस कडे. आणि शेवटच्या वळणावर फटीतून अचानक समोर येतो तो खजिना, अल खझने. डोंगरात कोरलेला, साधारण ४० मीटर उंच, म्हणजे बारा-तेरा मजल्यांची बिल्डिंग. आपल्या वेरूळच्या कैलासासारखाच वरून खाली कोरत आणलेला. नाव खजिना असलं तरी खजिना नाहीच. हे थडगं असावं, असंच अभ्यासक मानतात. वरच्या दगडी कलशात फॅरोचं सोनं आहे म्हणून लोकांनी त्यावर गोळ्या झाडल्या, त्यांच्या खुणा अजून दिसतात. २०२४ मध्ये याच्या समोरच्या जमिनीखाली बारा सांगाडे असलेली कबर सापडल्याचं जाहीर झालं. सोनं नाहीच!

माझ्या शीटप्रमाणे खजिन्यावर सकाळी नऊ ते अकरा ऊन असतं. आणि साडेदहाला बाबा अजून सीकमध्येच. कड्याला कमरेच्या उंचीवर खोदलेल्या एका चरात बोट घालून उतार बघत होते. दहा पावलं चालायचं, वाकायचं, पुन्हा दहा पावलं.

''बाबा, चला ना! ऊन जाईल.''

''थांब गं, हा स्लोप बघ किती सारखा...''

''बाबा, लोक जगभरातून खजिना बघायला येतात आणि तुम्ही गटार काय बघताय?''

जरा जोरातच निघालं तोंडातून. शेजारच्या ग्रुपने वळून पाहिलं. बाबा काहीच बोलले नाहीत. रुमालाने बोट पुसलं आणि म्हणाले, ''तू हो पुढे. मी येतो सावकाश.''

मी गेलेही. खजिन्याचा फोटो मिळाला. मग पार वरचं 'मॉनेस्ट्री' म्हणजे अद-दैर, आठशेच्या वर पायऱ्या चढून. बाबांच्या गुडघ्याला ते जमलं नसतंच, अशी मनाची समजूत घातली. वर वारा मस्त, समोर ती अवाढव्य कोरीव भिंत, आणि माझ्या डोक्यात फक्त तो रुमाल. सेल्फी काढला. डिलीट केला.

उतरून शोधत आले तर बाबा एका चहाच्या टपरीत मांडी ठोकून बसलेले. समोर साखरेचा पाक वाटावा असा गोड चहा, हातात वही. टपरीवाली बाई बदूल या बदाऊनी जमातीची, आईच्या वयाची. टुरिस्टांकडून शिकलेलं इंग्लिश फाडफाड बोलत होती. तिचा जन्म इथल्याच गुहेतला. १८१२ मध्ये बुर्कहार्ट नावाच्या स्विस प्रवाशाने पेट्रा 'शोधून काढलं' असं पुस्तकं सांगतात, पण बदूल कुटुंबं इथल्या गुहांमध्ये राहतच होती. १९८० च्या दशकात सरकारने त्यांना जवळच्या उम्म सयहून गावात हलवलं. बाई सांगत होती, लहानपणी तिची आई पावसानंतर जुन्या टाक्यांतून पाणी भरून आणायची. दोन हजार वर्षांपूर्वीच्या टाक्या!

मग बाबांनी वही माझ्याकडे वळवली. माझं 'गटार' त्यांनी नीट काढलं होतं, बाणाबिणांसकट.

आता जे सांगतेय ते निम्मं बाबांचं, निम्मं मी नंतर वाचलेलं. पेट्रा वसवणारे नबातियन मूळचे वाळवंटात फिरणारे. ग्रीक इतिहासकार डायोडोरस लिहितो की हे लोक जमिनीखाली टाक्या खोदायचे. तोंड छोटं, आत ऐसपैस. तोंड बुजवून टाकायचे आणि खूण फक्त स्वतःला ठाऊक. शत्रू तहानेने परत जायचा. पुढे हेच लोक शहर करून राहिले. पेट्रात वर्षाला पाऊस पडतो साधारण १५० मिलिमीटर. मुंबईत जुलैच्या एखाद्या वाईट दिवशी तेवढा पडतो आणि लोकल बंद होतात. इथे त्यावर हजारो माणसांचं शहर चाललं.

कसं? काही किलोमीटरवरच्या ऐन मूसा झऱ्याचं पाणी सीकमधून शहरात आणलं. एका कड्याला दगडात खोदलेला चर, दुसऱ्या कड्याला एकात एक अडकवलेले भाजलेल्या मातीचे पाइप. उतार अगदी बेताचा. जास्त दिला तर सांधे फुटतात, कमी दिला तर गाळ बसतो. मध्ये मध्ये छोटी कुंडं, म्हणजे गाळ तिथेच खाली बसावा आणि पुढे स्वच्छ पाणी जावं. आणि पावसाळी लोंढा शहरात शिरू नये म्हणून सीकच्या तोंडाशी बंधारा घालून पाणी डोंगरातल्या बोगद्यातून बाहेर वळवलेलं. ही चैन नव्हती. एप्रिल १९६३ मध्ये सीकमध्ये अचानक लोंढा आला तेव्हा वीसहून जास्त फ्रेंच पर्यटक गेले. मग पुढच्या वर्षी त्याच जागी बंधारा पुन्हा बांधला, नबातियनांच्याच पायावर! २०१८ च्या नोव्हेंबरमधल्या पुरातही पेट्रातून हजारो पर्यटकांना बाहेर काढावं लागलं होतं.

पाणी होतं म्हणून उंटांचे तांडे थांबले. धूप, मसाले, सुगंधी द्रव्यं. तांडे थांबले म्हणून कर मिळाला, आणि कर मिळाला म्हणून खजिना कोरला. शहराच्या मधोमध एक मोकळी जागा आहे, तिला पूर्वी सगळे जुना बाजार समजायचे. १९९८ च्या उत्खननात निघाला चक्क पोहण्याचा तलाव, जवळजवळ ऑलिंपिक पूलएवढा, शेजारी बाग! वाळवंटात स्विमिंग पूल म्हणजे काय शो-ऑफ असेल, विचार करा. रोमनांनी १०६ मध्ये राज्य घेतलं, हळूहळू व्यापाराच्या वाटा बदलल्या, ३६३ च्या भूकंपात पाण्याची ही व्यवस्थाही मोडली. पुढे शहर ओसरत गेलं.

''दर्शनी भाग सगळे बघतात,'' बाबा म्हणाले. ''पण टेलला पाणी पोचलं की मगच कालवा झाला म्हणायचं.''

टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. आमच्या घरी एक अल्बम आहे, माझ्या पहिल्या वाढदिवसाचा. त्यात सगळे आहेत, बाबा नाहीत. हे मी त्यांना कितीतरी वेळा ऐकवलंय, भांडताना तर हमखास. कारण कधी विचारलं नव्हतं. त्या चहाच्या टपरीत पहिल्यांदा विचारलं. त्या रात्री त्यांच्या चारीला पहिल्यांदा टेलपर्यंत पाणी सोडलं होतं. कुठे फुटली तर म्हणून ते आणि दोन मजूर कंदील घेऊन रात्रभर चारीच्या कडेने चालत होते. पहाटे शेवटच्या गावात पाणी पोचलं तर बायका आरतीचं ताट घेऊन उभ्या. ''त्यांनी पेढा दिला. तुझ्या नावाने खाल्ला,'' बाबा म्हणाले. आणि मग घाईघाईने चहाचे पैसे द्यायला उठले.

सॉरी म्हणाले का? आमच्या घरात ती पद्धत नाही. परत जाताना सीकमध्ये मीच चरात बोट घातलं आणि विचारलं, ''इथे कुंड कशाला?'' सव्वा किलोमीटरला आम्हाला दीड तास लागला. गेट बंद करायला आलेला माणूस वैतागला होता.

वादी रममध्ये तर कमालच झाली. सगळे कॅम्पवर तारे बघतायत आणि बाबा जीपवाल्याला विचारतायत, पाणी कुठून येतं? उत्तर पायाखालीच होतं. त्याच भागात वाळूखाली हजारो वर्षांपूर्वीचं पाणी साठलेलं आहे आणि २०१३ पासून ते ३२५ किलोमीटरच्या पाइपलाइनने अम्मानला जातं. म्हणजे त्या गच्चीवरच्या टाक्यांत! फक्त हे पाणी पावसाने पुन्हा भरत नाही. ''मग हे किती वर्षं पुरेल?'' बाबांचा प्रश्न. जीपवाल्याने वर बघितलं, ताऱ्यांकडे.

घरी आल्यावर बाबांनी मला एका रविवारी सकाळी उठवून कान्हेरीला नेलं. मी शाळेच्या पिकनिकनंतर गेलेच नव्हते. तिथे जवळजवळ प्रत्येक लेण्याबाहेर पाण्याची पोढी आहे, कातळात खोदलेले पन्हळ आहेत, आणि शिलालेखांत सोपारा-कल्याणच्या लोकांनी दिलेल्या दानाची नोंद आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' नावाच्या प्रवासमाहितीत पेट्राही आहे आणि सोपारा-कल्याणही. रोज ८.१२ ची फास्ट पकडताना मला हे कुणी का नाही सांगितलं?

जॉर्डनचे माझ्याकडे सातशे फोटो आहेत. फ्रेम केलाय तो एकच. बाबांचा चेहराही दिसत नाही त्यात. पाठमोरे, वाकलेले, चरात बोट.

जायचंय? मग एवढं करा

● पेट्राचं एका दिवसाचं तिकीट ५० दिनार, आणि एक दिनार म्हणजे साधारण १.४१ डॉलर! त्यामुळे 'जॉर्डन पास' आधीच ऑनलाइन घ्या. ७० ते ८० दिनारांत पेट्रा, जेराश, वादी रम सगळं येतं, आणि किमान तीन रात्री राहिलात तर ४० दिनारांची व्हिसा फीही माफ. दर आणि नियम निघण्याआधी एकदा तपासा.

● २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गाझात युद्ध सुरू झाल्यावर जॉर्डनमधले पर्यटक खूप घटले. बुकिंगआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना बघाच.

● पेट्राला दोन दिवस ठेवा. सकाळी लवकर आत शिरा, पाण्याची बाटली आणि चांगले बूट मस्ट. पावसाचा इशारा असेल तर सीकमध्ये हिरोगिरी नको.

● सोबत आई-बाबा असतील तर एक्सेल शीट घरी ठेवा.